गल्लीतला बसायचा दगड परत ठेवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आमच्या शहापुरातल्या गल्लीत गेल्या महिन्यात गटारीचं आणि रस्त्याचं काम झालं. काम चांगलं झालंय. दरवर्षी आषाढात दारात घोटाभर पाणी उभं राहायचं, ते आता राहणार नाही असं दिसतंय. ज्यांनी केलं त्यांचे आधी आभार मानतो. पण त्याच कामात गल्लीच्या तोंडाशी असलेला बसायचा दगड जेसीबीनं उचलून बाजूला टाकला, आणि काम संपलं तरी तो जागेवर आलेला नाही. हे पत्र त्या दगडासाठी आहे. गल्लीचं नाव मुद्दाम देत नाही. असे दगड, पार, कट्टे बेळगावात बऱ्याच ठिकाणचे गेलेत आणि जातायत. ज्यानं त्यानं आपल्या गल्लीचं नाव घालून वाचावं.

मी १९७९ साली टपाल खात्यात लागलो आणि २०१८ मध्ये पोस्टमन म्हणूनच निवृत्त झालो. एकोणचाळीस वर्षं हे गाव मी पायानं आणि सायकलनं ओळखलं. त्यामुळं कुठल्या गल्लीत माणूस कुठं टेकतो, कुठल्या दारात पोस्टमनला पाणी मिळतं, कुठल्या पायरीवर दुपारी सावली असते, हे मला रस्त्याच्या नकाशापेक्षा जास्त पाठ आहे.

आमचं घर विणकराचं. शहापूरची लुगडी एके काळी नावाजलेली, आणि त्या काळात आमच्या गल्लीत घरटी माग होता. वडील खड्डामागावर बसायचे. ज्यांनी खड्डामाग बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर काठावर बसतो, खाली पायानं पावड्या दाबतो, वर हातानं धोटा फेकतो. सकाळी बसलेला माणूस दिवेलागणीला उठतो. उठला की गुडघे सरळ होत नाहीत. वडील भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत यायचे आणि तिथून त्या दगडावर. दगड दोन आडव्या दगडांवर ठेवलेला, उंचीला बेताचा. बसलं की पाय मोकळे लोंबायचे. दिवसभर खड्ड्यात राहिलेल्या पायांना तेवढी उंची लागायची. पाच-सात माग थांबले की पाच-सात माणसं त्या दगडावर ओळीनं बसलेली असायची, आणि पहिला काही वेळ कुणी बोलायचं नाही. आई आत कांड्या भरत असायची, तिच्या रहाटाचा आवाज तेवढा यायचा.

दगड काळा, लांब, वरून इतका गुळगुळीत की पावसात त्याच्यात समोरच्या घराचा दिवा दिसायचा. एका टोकाला ओंजळीएवढा खोलगा होता. बायका विळे, कोयते तिथं पाणी घालून घासायच्या, त्यानं पडलेला. दुसऱ्या टोकाला आम्ही पोरांनी खिळ्यानं कोरलेला वाघ-बकरीचा पट. त्या रेघा माझ्या नातवानंही वापरल्यात, खडूनं गिरवून.

आता मूळ गोष्ट. आमचं शहापूर संस्थानं विलीन होईपर्यंत सांगलीकर पटवर्धनांचं होतं. आजोबा लुगड्यांचं गाठोडं घेऊन सकाळी सांगलीकरांच्या राज्यातून निघायचे आणि चालत अर्ध्या तासात बेळगावच्या पेठेत, म्हणजे इंग्रजांच्या राज्यात पोचायचे. पुढं दोन्ही मुंबई राज्यात गेलं. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही म्हैसूर राज्यात आलो. १९७३ ला त्याचं नाव कर्नाटक झालं. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी आहे. एवढं सगळं झालं, आणि आमच्या घरातल्या पाच पिढ्या बसल्या मात्र त्याच दगडावर. आजोबा सांगलीचे रयत म्हणून बसले, मी भारत सरकारचा पोस्टमन म्हणून बसलो.

सीमाप्रश्नाबद्दल माझं मत मी कधी लपवलेलं नाही. मराठी माणसाला त्याच्या गावात मराठीत कागद मिळावा, मराठीत पाटी वाचायला मिळावी, ही मागणी मला न्यायाची वाटते, आणि १९५६ पासून ज्यांनी त्यासाठी जीव दिला त्यांच्यासाठी हुतात्मा चौकात माझी मान आपोआप खाली जाते. खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो त्याच्या वाटेनं जाईल. पण माझी मुलगी पुण्यात असते, तिला विचारतात, "तुम्ही कर्नाटकातल्या ना? मग मराठी एवढं चांगलं कसं?" मुलगा बंगळूरला, त्याला विचारतात, "महाराष्ट्रातून आलास काय?" दोघंही दमून जातात उत्तर देऊन. सुट्टीला घरी आली की पिशवी आत टाकून दोघं आधी त्या दगडावर जाऊन बसायची. तिथं कुणी विचारत नव्हतं. उलट समोरचे मामा म्हणायचे, "बर्री, कूड्री, यावाग बंद्री?" (या, बसा, कधी आलात?) आणि पलीकडच्या काकू आतूनच ओरडायच्या, "काय गे, बारीक होऊन सोडलीस की!" माझ्या पोरांना आपण कुठले हे त्या दोन वाक्यांत कळायचं.

टपालात आम्ही पत्त्यात राज्याच्या जागी काय लिहिलंय ते बघतच नव्हतो. कुणी 'बेळगाव, महाराष्ट्र' लिहायचं. म्हातारे नातेवाईक कितीतरी वर्षं 'म्हैसूर राज्य' लिहीत राहिले. पत्र पोचायचं. १९७२ पासून पिन आला, मग तर प्रश्नच नाही: ५९०००३ म्हटलं की शहापूर, ५९०००५ वडगाव, ५९०००६ टिळकवाडी. खरी पंचाईत दुसरीच व्हायची. खडे बाजार बेळगावातही आहे आणि शहापुरातही. पाटील गल्ली इथंही, वडगावातही. नवा पोस्टमन तिथं चुकायचा. मग आम्ही जुने लोक पत्रावरचं आडनाव बघून सांगायचो, हे सोनाराचं घर, हे शहापुरातलंच. म्हणजे पत्ता सरकारनं दिलेला असला तरी पत्र पोचवायचं ते गल्लीच्या ओळखीनं.

आमच्या गावातल्या जागांची नावंच बघा. यंदे खूट, शनिवार खूट, देशपांडे खूट. बाहेरच्या माणसाला 'खूट' म्हणजे काय ते कळत नाही. चार वाटा मिळतात ती जागा. कन्नडात 'कूट' म्हणजे एकत्र मिळणं. माझ्या कानाला तरी हे दोन्ही शब्द एकाच घरचे वाटतात. आणि पलीकडं बोगारवेस, काकतीवेस. वेस मराठी, काकती गाव, तिकडं जाणारी वाट. अशी नावं कुणी बसून ठरवलेली नसतात, बोलता बोलता जमतात. टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट म्हणतात. तिसऱ्या गेटवर उड्डाणपूल झाला, तरी रिक्षावाल्याला "तिसरं गेट" म्हटल्यावरच कळतं.

गेटवरून एक आठवण सांगायलाच पाहिजे.

कपिलेश्वर मंदिराजवळ आता पूल आहे. पूर्वी तिथं रेल्वेचं फाटक होतं. बेळगाव आणि शहापूर यांच्यामधून जाणारा रूळ, आणि गाडी यायची वेळ झाली की सगळं गाव दोन्ही बाजूंनी थांबायचं. सायकलवाले उतरायचे, बैलगाडीवाला बैलांना हाक घालायचा, शाळेची पोरं फाटकाखालून जायला बघायची आणि फाटकवाला ओरडायचा. मी रोज तिथं थांबायचो. साल १९८३ असावं, मी बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या ठरलेल्या भागात, नवाच होतो. आमच्या बीटातली एक बाई मंदिराजवळ फुलं-बेल विकायची. मुलगा मराठा लाईट इन्फंट्रीत, तेव्हा सिक्कीमला. तिच्या नावाचं निळं अंतर्देशीय माझ्या पिशवीत होतं आणि ती नेमकी गर्दीत माझ्या शेजारी, डोक्यावर टोपली घेऊन. मी पत्र हातात दिलं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "वाच की रे बाबा. घरी जाऊस्तोवर जीव राहील काय?"

मी पत्र फाडलं आणि वाचायला लागलो. खुशाली झाली, थंडीचं झालं, आणि 'गणपतीला सुट्टी' एवढं वाचेपर्यंत मालगाडी आली. लांबलचक मालगाडी. माझं तोंड हलत होतं, तिला ऐकू येत नव्हतं. ती डोक्यावरची टोपली एका हातानं धरून माझ्या ओठांकडं बघत राहिली. मी थांबलो. शेवटचा डबा गेला, फाटक वर झालं, लोक निघाले. आम्ही दोघं वाटेच्या मधोमध उभे. मी वाचलं, 'गणपतीला सुट्टी मंजूर झालीय, चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतो.' ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. मागचा बैलगाडीवाला वैतागून कन्नडात विचारायला लागला, काय झालं म्हणून. तिनं वळून त्याला सांगितलं, "नन्न मग बरताना री." माझा मुलगा येतोय. त्यानं मान हलवली, बैल बाजूला घेतले आणि आमच्या अंगावरून वळसा घालून गाडी नेली.

त्यानंतर ती बाई फाटकावर दिसली की हसायची, आणि मला तेवढं पुरायचं. ती आता नाही. फाटकही नाही. पूल झाला ते बरंच झालं. दवाखान्यात न्यायच्या माणसाला घेऊन फाटकावर अडकलेली गाडी मी डोळ्यांनी बघितलीय, त्यामुळं फाटक पाहिजे होतं असं मी म्हणणार नाही. पण पुलावर कुणी थांबत नाही. आजही मी पुलाखालून जाताना त्या जागेला आलो की पाय आपोआप हळू होतात. निळा कागद, टोपलीतल्या बेलाचा वास, तिचं ते वर केलेलं तोंड. जागा उरली नाही तरी पायाला ती ठाऊक आहे.

बेळगावच्या मोठ्या जागा सगळ्यांना माहीत आहेत आणि त्या जपल्या जातात, जपायलाच पाहिजेत. किल्ल्यात एका खंदकाच्या आत कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, सफा मशीद आहे, दारातच दुर्गादेवी आहे आणि रामकृष्ण आश्रम आहे. विवेकानंद १८९२ साली बेळगावात येऊन राहिले होते. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी पाण्यासाठी खोदलेली विहीर आहे; गांधीजी अध्यक्ष झालेलं ते एकमेव अधिवेशन, आणि लहानग्या गंगूबाई हनगलांनी तिथं गाणं म्हटलेलं. पाहुणे आले की मीही त्यांना काँग्रेस विहिरीपाशी नेतो. अभिमान वाटतो. पण तिथं मी पाहुण्यांसारखाच उभा राहतो, फलक वाचतो, फोटो काढतो, परत येतो. अंगातला शीण मात्र मला माझ्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावरच उतरलेला कळतो.

गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. तिथं पेपर वाचत बसायला कुणी हटकलं असं मला आठवत नाही. ड्युटी संपल्यावर मी कितीतरी संध्याकाळी तिथं काढल्यात, पावसाळ्यात तर छत्री दारात निथळायला लावून अंधार पडेपर्यंत. कपिलेश्वराजवळच्या कपिल तीर्थाच्या, म्हणजे तळ्याच्या, पायऱ्या तशाच. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आमच्याकडं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक, हेमू कलानी चौक, शनिमंदिर करत गणपती कपिलेश्वरापर्यंत येतात. पहाटे पाय भरून आले की पोरं, बायका, ढोलवाले, बंदोबस्ताचे पोलीससुद्धा जिथं दुकानाची पायरी मिळेल तिथं टेकतात. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीही तसंच. त्या रात्री कोण कुठला हे विचारायची पद्धत नाही, थोडं सरकून जागा करून द्यायची पद्धत आहे. आता त्या पायऱ्या रुंदीकरणात गेल्यात, किंवा दुकानदारांनी लोखंडी टोकं बसवलीत, कुणी बसू नये म्हणून. ती टोकं बघितली की मला राग येतो. पावसात आडोशाला आलेल्या म्हातारीनं कुठं टेकायचं?

आता दगड उचलला त्या दिवशीचं सांगतो. सकाळी दहाची वेळ, पुरुष कामावर. जेसीबीवाला परगावचा पोरगा, त्याचा काही दोष नाही, त्याला सांगितलं तेवढं त्यानं केलं. मी बाहेर आलो तेव्हा दगड साखळीला लटकला होता. एवढी वर्षं त्याच्यावर बसलो, पण त्याची खालची बाजू मी पहिल्यांदा बघितली. वरून आरशासारखा दगड खालून खडबडीत, टाकीचे घाव जसेच्या तसे. कुणी पाथरवटानं तो घडवून आणला होता, कधी ते घरात कुणाला सांगता येत नाही. जागेवर दोन आधाराचे दगड आणि मधे ओली माती उरली. त्या मातीत एक गंजलेली मागाची सळी, दोन काचेच्या गोट्या. नातवानं गोट्या उचलून खिशात टाकल्या. मी काही बोललो नाही.

समोरचे मामा, ज्यांचा उल्लेख वर केला, ते कन्नड घरचे, वय ऐंशीच्या पुढं, वडिलांच्याच पिढीतले विणकर. वडील गेल्यावर दगडावरची त्यांची जागा मामांनी कुणाला घेऊ दिली नाही. मी पोस्टातून येईपर्यंत तिथं पंचा घालून ठेवायचे. मी आलो की पंचा उचलून म्हणायचे, "बस." तेवढा एक शब्द मराठीत. मग आम्ही बसायचो. ते कन्नडात बोलायचे, मी मराठीत, कितीतरी वर्षं असंच. दगड गेल्यापासून मामा पाच वाजता दारात येतात, चौकटीला धरून थोडा वेळ उभे राहतात, गल्लीकडं बघतात आणि आत जातात. त्यांना जास्त वेळ उभं राहवत नाही. मी खुर्ची नेऊन ठेवली. एक दिवस बसले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, खुर्ची एकट्याची असते.

घरातल्या पोरांनी मला सांगितलं, आजोबा, बागेत बाकं आहेत की, शिवाजी उद्यान आहे, तिथं जाऊन बसा. उद्यान चांगलंच आहे. पण मामांना तिथवर जाववत नाही. आणि बागेत माणूस ठरवून जातो. दगडावर ठरवून कुणी येत नव्हतं. दूध आणायला निघालेला टेकायचा, भाजीची पिशवी जड झाली म्हणून बाई टेकायची, आणि तेवढ्यात कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा पोरगा नोकरीला लागला, ते कळायचं. गल्लीत पाहुणा आला तर त्याला घर विचारायला तीच जागा. माझ्या जागी बीटवर आलेला नवा पोरगा परवा भेटला. म्हणाला, "मामा, त्या दगडावर बसलेल्यांना विचारलं की पत्ता कळायचा वो, आता मोबाईलवर फोन लावतो तर उचलत नाहीत."

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं तेव्हा मी स्वतः पेढे वाटलेत. रस्ते व्हावेत, दिवे यावेत. माझं मागणं एवढंच आहे की रस्त्याचा नकाशा करताना जसं झाड, विजेचा खांब, नळाची तोटी नोंदवतात, तसाच बसायचा कट्टा, पार, दगडही नोंदवावा. हलवावा लागला तर काम झाल्यावर परत कुठं ठेवायचा हे आधीच ठरवावं, आणि ते गल्लीतल्या माणसांना विचारून. कामाच्या पाटीवर तेवढी एक ओळ मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहावी. यात फार पैसा जात नाही.

आमचा दगड मी शोधून काढलाय. गल्लीच्या वरच्या कोपऱ्यावर मोकळ्या जागेत खडीच्या ढिगाऱ्याआड पडलाय, उलटा, टाकीचे घाव वर. दोरीनं मापून आलोय: लांबी सव्वासहा फूट, रुंदी जेमतेम दीड. जुन्या जागेवर भिंतीला लागून तेवढी जागा अजून मोकळी आहे, रस्त्याला अडचण होत नाही. काल तिथं दोन मोटारसायकली लावलेल्या होत्या. पहारी आमच्याकडं आहेत, घरंगळत आणायला माळ्यावर जुन्या मागाचे दांडे आहेत, आणि गल्लीतले सहा जण रविवारी सकाळी यायला तयार आहेत. संबंधितांनी फक्त हो म्हणावं आणि आधाराचे दोन दगड बसवायला एक गवंडी दोन तास द्यावा. त्याची मजुरी मी देतो. मामांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
शहापूर, बेळगाव ५९०००३